कणेरी मठातलं गाव आणि त्यामागची बलुतेदारी

कोल्हापूरपासून बारा-एक किलोमीटरवर, पुणे-बंगळूर महामार्गाच्या बाजूला कणेरीचा सिद्धगिरी मठ आहे. काडसिद्धेश्वर स्वामींच्या परंपरेचं हे ठाणं जुनं; तिथलं ग्रामजीवन संग्रहालय मात्र अलीकडचं, २००७ च्या सुमाराचं. सिमेंटच्या माणसाएवढ्या पुतळ्यांतून इथे जे गाव उभं केलंय ते बारा बलुतेदार आणि अठरा अलुतेदारांचं, म्हणजे गावाची कामं करून धान्याचा वाटा घेणाऱ्या कारागीर-सेवकांचं; बलुतेदार जास्त गरजेचे, अलुतेदार दुय्यम. ही बाराची यादी सगळीकडे सारखी कधीच नव्हती. एकीकडचा बलुतेदार दुसरीकडे अलुत्यात मोडायचा.

या गावाचा व्यवहार कसा चाले हे समजायला विहिरीवरची मोट, म्हणजे बैलांकरवी पाणी ओढायची कातड्याची पिशवी, पुरेशी आहे. कातडं ढोराने कमावायचं, मोट चांभाराने शिवायची. नाडा आणि सोंदूर हे मोटेचे दोर मांगाने वळायचे, चाक सुताराने करायचं, मोटेच्या तोंडाचं लोखंडी कडं लोहाराने. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासूनच्या उतारावरून, उतरले की मोट वर येई, तिची नळीसारखी सोंड थारोळ्यात, म्हणजे विहिरीकाठच्या कुंडीत, रिकामी होई आणि पाणी पाटाला लागे. मोट फाटली, दोर तुटला तरी रोख पैसा सहसा कुणी मोजत नसे. सुगीत खळ्यावर रास पडली की ज्याचं त्याचं बलुतं, म्हणजे धान्याचा वाटा, मिळायचं.

पुतळ्यांत दिसत नाही ती या व्यवहाराची दुसरी बाजू. काम जातीने ठरलेलं, बलुत्याचं मापही प्रत्येकाला सारखं नाही. महारांना तर वतनापायी, म्हणजे पिढीजात गावकामाच्या बदल्यात मिळालेल्या जमिनीपायी, सरकारी आणि गावकीची राबणूक वेळीअवेळी करावी लागे. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतनं रद्द करून जमिनी रयतावा, म्हणजे सारा भरून स्वतः कसायच्या, केल्या. ब्रिटिश मुलखात डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनविषयक दुरुस्तीचं विधेयक मांडलं. महारांसारख्यांची ही कनिष्ठ गावकामगार वतनं कायद्याने जायला मात्र १९५८ उजाडलं. संग्रहालयातला गुण्यागोविंदाचा गाव बघताना ही सनावळी जवळ असावी असं मला वाटतं.

कारागिरी मोडली ती वेगळ्या वाटेने. किर्लोस्करवाडीत १९१० पासून लोखंडी नांगर होऊ लागले, सुताराच्या लाकडी नांगराला पर्याय आला. पुढे ऑइल इंजिन आणि विजेचा पंप विहिरीवर बसला, तेव्हा मोटेबरोबर त्या पाचही जणांचं तिथलं काम एकदमच सुटलं.