पाणी भरणं वेगळं, पाणी बदलणं वेगळं

"मामा, पाणी कमी झालं की मी मीठ कालवलेलंच टाकतोय. समुद्राची टाकी आहे ना?" नांदेडहून भाच्याचा मे महिन्यात फोन आला, तेव्हा त्याच्या २०० लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतली कोळंबी मेली होती आणि हॅमर कोरल (प्रवाळाची एक जात) आठवडाभर आखडून बसलं होतं. पोराने कष्टात कसूर केली नव्हती. उडालेलं पाणी भरून काढणं आणि जुनं पाणी बदलणं ही दोन कामं त्याला एकच वाटली. दोन्हींना बादली तीच लागते, पण एका बादलीत मिठाचा कण नको आणि दुसरीत मीठ हवंच.

आपला कूलर आठवा. बोअरचं पाणी रोज ओततो, रोज ते उडतं, आणि उन्हाळा सरता सरता गवतावर पांढरा थर धरतो. पाणी वाफ होऊन जातं, क्षार मागे राहतात. जालन्याच्या शेजारचं लोणार सरोवर खारं आहे तेही यामुळेच: पाणी आत येतं, वाहून जायला वाट नाही, वरून ऊन.

रीफ टाकीत, म्हणजे कोरल ठेवलेल्या खाऱ्या टाकीत, हेच घडतं. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे २०० लिटरमध्ये सात किलोंच्या वर. आपला उन्हाळा कोरडा; ज्या कारणाने परभणीत कूलर गार हवा देतो आणि मुंबईत देत नाही, त्याच कारणाने इथल्या टाकीचं पाणी झपाट्याने उडतं. शिवाय कोरलसाठी पाणी २५-२६ अंशांवर राहावं म्हणून आपणच वरून पंखा लावतो. दिवसाला ३ लिटर सहज जातात, आणि जातं ते निव्वळ गोडं पाणी. त्या जागी खारं ओतलं की रोज १०० ग्रॅमहून जास्त मीठ वाढतं. दहा दिवसांत किलोमागे ३५ ग्रॅमचे ४० होतात. भाच्याच्या रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारटपणा मोजायच्या उपकरणावर, आकडा तोच होता.

"पण क्लाऊनफिश तर मजेत फिरतोय," तो म्हणाला. यावर विसंबू नका. समुद्री मासा खारं पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो, म्हणून तो काही दिवस तगतो. कोरल, शंख, कोळंबी यांना ती सोय फारशी नाही. भोवतालचं पाणी खारट होत गेलं की तो ताण थेट त्यांच्या अंगावर येतो.

तेव्हा उडालेल्या पाण्याच्या जागी क्षार नसलेलं पाणी. बोअरचं चालणार नाही. माझ्या बोअरचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार, ९०० मिलिग्रॅम आहे. रोज ३ लिटर टाकलं तर महिन्याला ८० ग्रॅम नको ते क्षार टाकीत जमा होतील. स्वयंपाकघरातला आरओ बहुधा चवीसाठी थोडे क्षार राखतो, जारच्या पाण्याचाही भरवसा नाही. आरओच्या पुढे डीआय रेझिनची (उरलेसुरले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांची) नळी लावा आणि टीडीएस मीटरवर शून्य बघूनच वापरा. मी रात्री सलाईनच्या सेटने थेंब थेंब सोडतो, एकदम ओतत नाही. आरओतून वाया जाणारं पाणी मात्र गटारात सोडू नका. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. ते विसरून हा छंद करणं मला जमत नाही. ते पाणी फरशी पुसायला, संडासात टाकायला चालतं.

आता बदलणं. माशांची घाण आणि उरलेलं खाणं यांतून नायट्रेट, फॉस्फेट साठतात आणि तेही वाफेबरोबर जात नाहीत. दुसरीकडे कोरल आपला सांगाडा बांधायला पाण्यातलं कॅल्शियम ओढून घेतं. समुद्रात ते लिटरला साधारण ४२० मिलिग्रॅम असतं. टाकीत ते घटत जातं. म्हणून थोडं जुनं पाणी काढून रीफ सॉल्टचं (कोरलच्या टाकीसाठीच्या समुद्री मिठाचं) ताजं पाणी घालायचं, आदल्या दिवशी कालवून, पंपाने फिरवत ठेवलेलं, टाकीइतक्याच तापमानाचं. एकदा बदलून चमत्कार होत नाही. २० लिटर बदललं तर ४० चं नायट्रेट ३६ होतं, म्हणून दर आठवड्याला बदलायचं. इथे उलटी चूकही होते: २० लिटर काढून साधं आरओ भरलं, तर खारटपणा ३१-३२ वर येतो.

दोन्ही कामं एकाच दिवशी आली, तर क्रम महत्त्वाचा. आधी संपवर (मुख्य टाकीला जोडलेल्या छोट्या टाकीवर) स्केचपेनने केलेल्या खुणेपर्यंत आरओचं पाणी भरा. ते मिसळू द्या. मग २० लिटर काढा आणि २० लिटर खारं घाला. खूण न बघता थेट बदलायला घेतलं की हिशोब चुकतो.

भाच्याला ४० वरून एका दिवसात खाली उतरू दिलं नाही. रोज ५ लिटर खारं काढायचं आणि तेवढंच आरओचं घालायचं, उडालेल्या ३ लिटरांचं वेगळं. याने दिवसाला एकच अंक उतरतो. पाचव्या संध्याकाळी त्याने फोटो पाठवला: रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेतली निळी रेघ ३५ वर टेकलेली.