आतषबाजीच्या फोटोत शटर नेमके काय करते?

आतषबाजीचे दोन फोटो आहेत. जागा तीच, भिंग तेच, अ‍ॅपर्चर म्हणजे भिंगाचे छिद्रही तेवढेच. फक्त एकात शटर २ सेकंद उघडे होते आणि दुसऱ्यात ८ सेकंद. प्रकाश चौपट वेळ आत आला, तेव्हा दुसरा फोटो चौपट उजळ हवा, असे कुणालाही वाटेल. पण ठिणग्यांच्या रेषा दोन्हीकडे जवळपास सारख्याच उजळ निघतात. दुसऱ्या फोटोत त्या जास्त लांब असतात आणि जास्त संख्येने असतात, एवढाच काय तो फरक.

याचे कारण म्हणजे ठिणगी एका जागी थांबत नाही. दूरच्या दिव्याची प्रतिमा सेन्सरवरच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवरच्या, त्याच त्या पिक्सेलांवर पडून राहते, म्हणून शटर जितके जास्त वेळ उघडे, तितका तिथला प्रकाश साठत जातो. ठिणगीची प्रतिमा मात्र एका पिक्सेलवरून क्षणार्धात पुढच्यावर सरकते. मागे सोडलेल्या पिक्सेलला जे मिळायचे ते मिळून गेलेले असते. शटर त्यानंतर दहा सेकंद उघडे राहिले तरी ठिणगीकडून त्याला आणखी काही मिळणार नाही. रेषेची उजळता म्हणून दोनच गोष्टींवर ठरवावी लागते: अ‍ॅपर्चर आणि आयएसओ, म्हणजे प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील ठेवला आहे ते. अ‍ॅपर्चर एफ आकड्यात मोजतात: आकडा मोठा, तर छिद्र लहान. आयएसओ १०० आणि एफ/११ ही सुरुवात बहुतेक वेळा चालून जाते. रेषा पांढऱ्या पडल्या तर एफ/१६, मंद वाटल्या तर एफ/८. शटरच्या वेळेला हात लावून इथे काही साधत नाही.

याच तर्काने रेषेची जाडीही उलगडते. गोळा फुटतो तेव्हा ठिणग्या सर्वांत वेगात असतात, मग हवेचा रोध त्यांना झपाट्याने मंदावतो. वेग जास्त असेल तिथे प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला कमी वेळ येतो आणि रेष बारीक उमटते. ठिणगी रेंगाळते तिथे ती जाड होते. शटरच्या वेळेने रेष उजळत नाही, या नियमाला एक देखणा अपवाद आहे. कोळशाची पूड घातलेल्या सोनेरी, झाडाच्या फांद्यांसारख्या खाली झुकणाऱ्या आतषबाजीत मागे पडलेले कण हवेतच धुमसत राहतात. तिथे रेष स्वतःच काही काळ जळत असते, त्यामुळे शटरचा वेळ थोडाफार मोजला जातो.

मग शटर काय ठरवते? आकाश. शहराचा उजेड, इमारती, धूर हे सगळे जागच्या जागी किंवा संथ असल्याने सेकंदागणिक साठत जाते. आणि एका चौकटीत किती गोळे फुटलेले दिसावेत, हेही शटरच ठरवते. कॅमेऱ्यात ‘बल्ब’ मोड असेल तर बटण दाबून धरलेले असेपर्यंत शटर उघडे राहते. रिमोट असल्यास उत्तम, नाहीतर बोटाचा धक्का ट्रायपॉडवरही जाणवतो. बाण वर निघाला की उघडायचे, शेवटची ठिणगी विझली की मिटायचे. आवाजाच्या भरवशावर मात्र राहू नये. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे किलोमीटरभर अंतरावर उडवल्याचा दणका कानी येईपर्यंत तीन सेकंद उलटलेले असतात आणि गोळा तोवर फुटायला आलेला असतो.

रंगांचे गणित जास्त नाजूक आहे. लाल रंग स्ट्रॉन्शियमच्या संयुगांचा, हिरवा बेरियमचा, पिवळा सोडियमचा, निळा तांब्याचा. सेन्सरवर प्रत्येक पिक्सेलपुढे लाल, हिरवी किंवा निळी गाळणी असते. झगझगीत लाल ठिणगीने लाल गाळणीमागचे पिक्सेल आधी भरून जातात. त्यापुढचा लाल प्रकाश नोंदलाच जात नाही, पण हिरवे आणि निळे पिक्सेल भरतच राहतात. परिणामी लाल रेष आधी नारिंगी, मग पिवळसर आणि शेवटी पांढरी होते. हरवलेला रंग नंतर संगणकावर परत आणता येत नाही, म्हणून फोटो किंचित काळोखाकडे झुकलेला बरा. निळ्याची अडचण उलट आहे. निळा प्रकाश देणारे कॉपर क्लोराइडचे रेणू जास्त तापमानात तुटतात, त्यामुळे ज्योत फार प्रखर ठेवताच येत नाही. एकाच गोळ्यात पांढरे आणि निळे असतील तर दोघांना मानवेल असे एफ मूल्य नसते. मी निळ्याच्या बाजूने कौल देतो. पांढऱ्याचे जळून पांढरेच होणार आहे.

छिद्र वाटेल तितके लहान करण्यालाही मर्यादा आहे. एफ/२२ वर विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरत असल्यामुळे, एका बिंदूची प्रतिमा सुमारे ३० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) रुंद पसरते आणि पिक्सेल असतो ४ ते ६ मायक्रॉनचा. रेषा मऊ पडतात.

फोकस हाताने लावावा, कारण काळ्या आकाशात ऑटोफोकसला पकडायला काही सापडत नाही. एफ/११ आणि फुल फ्रेम (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावरचे ५० मिलिमीटरचे भिंग असेल तर साधारण ८ मीटरवर फोकस धरला तरी पलीकडचे सगळे पुरेसे स्पष्ट येते. दूरच्या दिव्यावर धरला की झाले. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन, म्हणजे लांब वेळेच्या फोटोतले ठिपके काढण्याची कॅमेऱ्यातली सोय, बंदच ठेवावे: ते चालू असले की प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ एक काळा फोटो काढत बसतो आणि तेवढ्यात पुढचे दोन गोळे फुटून जातात. वारा पाठीमागून किंवा बाजूने असावा. तरीही धूर साचतोच, आणि चांगले फोटो बहुधा पहिल्या काही मिनिटांतच मिळतात.

मोबाइलचा नाइट मोड इथे फसतो. तो अनेक छोटे फोटो काढून एकमेकांवर बसवतो आणि जे हलले ते दोष समजून पुसायला बघतो. त्यातून बहुतेक मोबाइलमध्ये छिद्र बदलता येत नाही. पण मोबाइल पक्का टेकवून, एक्स्पोजर खाली ओढून लॉक केले आणि व्हिडिओ घेतला, तर नंतर त्याच्या चौकटी संगणकावर एकत्र करता येतात. करताना प्रत्येक पिक्सेलची बेरीज घ्यायची नाही, सर्व चौकटींमधली सर्वांत उजळ नोंद ठेवायची. ठिणगी त्या पिक्सेलवरून एखाद-दुसऱ्या चौकटीतच गेलेली असते, त्यामुळे तिची रेष अखंड मिळते. आकाश मात्र एका चौकटीत जेवढे काळे होते जवळपास तेवढेच काळे राहते, मग चौकटी शंभर असोत की पाचशे.