हार्ट फेल्युअरमध्ये शुगरची गोळी
हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नाही, त्याची रक्त ढकलायची ताकद कमी पडणं. जळगाव-धुळे-नंदुरबारकडे ह्याला सरळ 'पंपिंग कमी झालं' म्हणतात आणि टूडी इको म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीतला पंपिंगच्या टक्क्याचा आकडा घरातल्या सगळ्यांना पाठ असतो. ह्या आजारात आता डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ह्या मुळात मधुमेहासाठी आलेल्या गोळ्या देतात, शुगर असो वा नसो, रोज एक, १० मिलिग्रॅमची.

घोळ इथंच होतो. मेडिकलवाला सहज बोलून जातो की ही शुगरची आहे, घरी आल्यावर बाबा म्हणतात 'हाई ते साखरनी गोळी शे, माले कोठे शुगर शे', आणि पट्टी डब्यात तशीच पडून राहते. मग पाय सुजतात, रात्री दोन उशा लागतात, बसल्याशिवाय श्वास पुरत नाही आणि परत ॲडमिट व्हावं लागतं. हे टाळता येण्यासारखं असतं म्हणून जास्त जीवाला लागतं. दुसरी भीती लघवीच्या रिपोर्टची, त्यात साखर चार प्लस येते, पण ती गोळीचं काम चालू असल्याची खूण आहे, किडनीनं परत ओढून घ्यायची साखर आणि सोबत थोडं मीठ-पाणी ही गोळी बाहेर सोडते. शुगर नसलेल्याची शुगर ही एकटी गोळी धोक्याइतकी खाली नेत नाही.

हृदयाचा फायदा आधी दिसला २०१५ मध्ये, एम्पा-रेग अभ्यासात, पण ते पेशंट मधुमेहाचे होते. २०१९ च्या डापा-एचएफ मध्ये पंपिंग ४० टक्के किंवा कमी असलेले ४७४४ जण होते, निम्म्याहून जास्त लोकांना मधुमेह नव्हता, साधारण दीड वर्षात आजार बळावणं किंवा हृदयामुळे मृत्यू हे औषध नसलेल्या, दिसायला तशाच गोळीवर शंभरात २१ जणांना झालं, डापावर १६ जणांना. २०२१-२२ मध्ये पंपिंग बरं असलेल्यांतही उपयोग दिसला. भारतात डापाचं पहिलं पेटंट २०२० मध्ये आणि एम्पाचं २०२५ मध्ये संपलं, त्यामुळे बऱ्याच कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्या, आणि आपल्याकडे औषध चालू राहणं खिशावरच असतं.

सांभाळायचं ते उन्हाचं. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या वर जातो, त्यात लघवी वाढवून पाणी काढणारी गोळीही चालू असते, मग चक्कर येते, बीपी पडतं. उलट्या-जुलाब लागले किंवा कडक उपवास असला तर डॉक्टरांना विचारून ही गोळी तेवढे दिवस थांबवतात, ऑपरेशनच्या आधी साधारण तीन दिवस, कारण शुगर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल वाढू शकतं, मधुमेहींमध्ये जास्त करून. जांघेत, लघवीच्या जागी खाज सुटली तर लाजू नका, ते बहुतेक वेळा बुरशीचं इन्फेक्शन असतं आणि क्रीमनं बरं होतं.

आणि शुगरची प्रत्येक गोळी हृदयाला चालत नाही. पायोग्लिटाझोन अंगात पाणी धरून ठेवते, सॅक्साग्लिप्टिनवर हार्ट फेल्युअरची ॲडमिशन वाढलेली दिसली, म्हणून शुगरवाल्या पेशंटनं हृदयाच्या डॉक्टरांकडे जाताना आधीच्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्याव्या.