एका गंजातली बिअर : घरगुती ऑल-ग्रेन पद्धतीची पार्श्वभूमी

विदर्भात दारू म्हटलं की आधी मोहफूल आठवतं. गडचिरोली-गोंदियाकडे उन्हाळा लागताना पहाटे टोपलीत वेचलेलं फूल वाळतं, मग भिजतं, त्याचा सडवा होतो आणि तो भट्टीवर चढतो. मोहफुलात साखर आयती असते, त्यामुळे यीस्टला, म्हणजे साखरेची दारू करणाऱ्या सूक्ष्मजीवाला, लगेच काम मिळतं. धान्याचं तसं नाही. जवात किंवा ज्वारीत असतो स्टार्च, आणि यीस्ट स्टार्च खात नाही. आधी त्याची साखर करून द्यावी लागते. बिअरचा इतिहास बराचसा या एका पायरीचा इतिहास आहे. ती पायरी नीट समजली तर हे काम स्वस्तात कसं होतं, तेही समजतं.

स्टार्चची साखर करणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, धान्य मोड येताना स्वतःच तयार करतं. आपल्या घरांत हे ज्ञान जुनंच आहे. मोड आणून, वाळवून दळलेल्या नाचणीची पेज साध्या पिठाच्या पेजेपेक्षा पातळ राहते आणि जरा गोडसर लागते, ती याच विकरांमुळे. मोड आणून वाळवलेलं धान्य म्हणजे माल्ट. माल्टचा भरडा गरम पाण्यात ठरावीक तापमानाला धरून ठेवणं म्हणजे मॅशिंग. डबाबंद माल्टचा पाक विकत न आणता हे सगळं धान्यापासून केलं की ती ऑल-ग्रेन पद्धत.

सुमेरमधल्या (आजच्या दक्षिण इराकमधल्या) निनकासी देवीच्या सुमारे ३८०० वर्षांपूर्वीच्या स्तोत्रात धान्य भिजवण्यापासून गाळण्यापर्यंतच्या पायऱ्या येतात. पण तापमान मोजण्याचं साधन हजारो वर्षं नव्हतं. जर्मनीतल्या बव्हेरियाच्या लोकांनी त्यावर काढलेली तोड आजही वापरात आहे: मॅशचा साधारण तिसरा हिस्सा काढून वेगळा उकळायचा आणि परत ओतायचा. उकळतं पाणी नेहमी एकाच तापमानाला उकळतं, तेव्हा मोजून काढलेला हिस्सा परत घातला की सगळं मिश्रण दर वेळी जवळपास तेवढंच तापतं. थर्मामीटर नसताना मापानेच तापमान साधण्याची ही रीत होती. १५१६ मध्ये त्याच बव्हेरियात बिअरमध्ये जव, हॉप्स (कडूपणा देणारी एका वेलीची फुलं) आणि पाणी एवढंच घालावं असा हुकूम निघाला. त्यात यीस्टचं नाव नाही, कारण ते काय असतं हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये ब्रुअरीत, म्हणजे बिअरच्या कारखान्यात, थर्मामीटर आला. १७८४ मध्ये जॉन रिचर्डसनने गोड पाण्याची घनता मोजण्याच्या साधनावर पुस्तक लिहिलं. त्या मोजमापातून एक उलटा हिशेब समोर आला. तपकिरी भाजलेलं माल्ट दिसायला स्वस्त, पण त्यातून साखर कमी निघते. फिकट माल्ट महाग, पण किलोमागे जास्त साखर देतं, म्हणून शेवटी तेच परवडतं. घरच्या कामात आजही मुख्य माल्ट फिकटच असतं, त्याचं कारण हेच. १८३३ मध्ये फ्रान्सच्या पायाँ आणि पेर्सो यांनी माल्टमधून डायस्टेज हे विकर वेगळं केलं, आणि साखर कोण करतं ते कळलं. पुढे पाश्चरने बिअर आंबट का पडते ते दाखवलं आणि १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हान्सनने एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं. यीस्टच्या पुडीचा उगम तिथला.

आता मॅशिंगच्या तापमानाचं, ६७ अंश सेल्सियसचं गणित. माल्टमध्ये दोन मुख्य विकरं. बीटा-अमायलेज ६० ते ६५ अंशांना जोमात असतं आणि यीस्टला खाता येईल अशी साखर देतं. अल्फा-अमायलेज ७० च्या आसपास खुलतं आणि स्टार्चचे लांब तुकडे करतं. ६५-६७ अंश ही दोघांच्या मधली जागा. ६३ ला धरलं तर बिअर हलकी, कोरडी होते. ७० च्या वर गेलं तर गोडसर, जड राहते. ७८ च्या पुढे दोन्ही निकामी होतात, आणि एकदा निकामी झालेली विकरं पाणी थंड केल्याने परत येत नाहीत. नवशिक्याच्या हातून सगळ्यात जास्त होणारी चूक हीच: पाणी फार गरम असतानाच माल्ट ओतणं.

इतकं शास्त्र हाती असूनही घरचं काम विसाव्या शतकात बराच काळ अडलं ते कायद्यामुळे. ब्रिटनमध्ये १८८० पासून घरी बिअर करायला परवाना लागे; ती अट १९६३ मध्ये गेली. अमेरिकेत १९३३ ला दारूबंदी उठली, पण घरगुती बिअरला संघराज्याच्या कायद्याने मुभा मिळाली ती १९७८ मध्ये. तोपर्यंत लोकांच्या हाती होता डब्यातला माल्टचा पाक आणि बेकरीचं यीस्ट. मुभा मिळाल्यावर ऑल-ग्रेन आलं, पण तीन मोठी भांडी, गाळण्या, नळ्या असा पसारा घेऊन. बर्फ ठेवायच्या कूलर पेटीत मॅश करण्याची युक्ती निघाली तेव्हा खर्च थोडा उतरला. खरी स्वस्ताई आणली ती २००० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या हौशी मंडळींनी: एकच भांडं, त्यात कापडी पिशवी, पिशवीत भरडा. काम झालं की पिशवी उचलायची, निथळू द्यायची आणि त्याच भांड्यात उकळायचं.

विदर्भातल्या वाचकाने मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात दारूबंदीचा कायदा १९३८ मध्येच आला होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि पुढे मुंबईचा १९४९ चा दारूबंदी कायदा इथेही लागू झाला. आज तो महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणून ओळखला जातो. त्याच्या कलम ६५ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे, आणि मद्य बनवण्याच्या हेतूने साहित्य किंवा भांडी बाळगणं हाही गुन्हा आहे. 'घरच्यापुरती' अशी सूट बिअरला नाही. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून पूर्ण दारूबंदी आहे; चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. गडचिरोलीची बंदी गावोगावच्या बायांच्या चळवळीतून आली आहे, हे विसरून चालणार नाही. म्हणून पुढचा तपशील परवाना घेऊन काम करणाऱ्यांसाठी आणि मुभा असलेल्या देशांत राहणाऱ्या आपल्या माणसांसाठी आहे. यीस्ट आणि हॉप्स वगळून हेच गोड पाणी आटवलं तर माल्टचा पाक होतो. त्याला दारूच्या परवान्याचं बंधन नाही आणि तो काकवीसारखा वापरता येतो.

दहा लिटरचा हिशेब असा. फिकट जवाचं माल्ट २.२ किलो, पाणी साडेचौदा लिटर, गंज, म्हणजे उभं पातेलं, किमान वीस लिटरचा. माल्ट पाण्यातून पावणेदोन लिटरच्या आसपास शोषून घेतं, तासाभराच्या उकळीत आणखी अडीच-पावणेतीन लिटर उडतं, आणि हाती दहा लिटर उरतं. भरडताना दाण्याचे तीन-चार तुकडे व्हावेत आणि टरफल शक्यतो अखंड राहावं. चक्कीवर पाटे थोडे उघडून घेतले तर जमतं. मिरची-हळदीची चक्की मात्र नको. पीठ झालं तर गोळे बनतात आणि आतलं पीठ कोरडंच राहतं.

पाणी ७० अंशांवर आणून आच बंद करायची, पिशवी लावायची, भरडा हळूहळू सोडत ढवळायचं. तापमान ६७ च्या आसपास बसतं. आपल्याकडे मे महिन्यात धान्यच ३८-४० अंशांवर असतं, तेव्हा पाणी ६९ पुरे. मग झाकण, वरून जुनी गोधडी, आणि एक तास. तासाने एक थेंब पांढऱ्या बशीत घेऊन त्यावर टिंक्चर आयोडीन टाकावं. निळं-काळं झालं तर स्टार्च शिल्लक आहे, आणखी पंधरा-वीस मिनिटं द्यावीत. कापड मलमलीइतकं झिरझिरीत आणि ओल्या माल्टचं चार किलो वजन पेलणारं हवं. शिवण दुहेरी घालावी. पिशवी उचलताना फाटली की सगळा चोथा उकळीत जातो.

उकळी एक तास, झाकण न ठेवता. झाकण ठेवलं तर शिजवलेल्या मक्यासारखा वास देणारं गंधकाचं संयुग वाफेबरोबर न जाता परत आत पडतं. कडूपणाला ५ टक्के अल्फा आम्लाचे हॉप्स २० ग्रॅम, उकळीच्या सुरुवातीला. भारतात हॉप्स पिकतात ते हिमाचलातल्या लाहौलमध्ये. थंड करायला नळीभर पाणी वाहून घालवणं आपल्याकडे पटणारं नाही, आणि त्यावरही वाट दाखवली पाणीटंचाई सोसणाऱ्या ऑस्ट्रेलियानेच: उकळता रस जाड एचडीपीई (उकळता रस सोसणारं प्लॅस्टिक) कॅनमध्ये काठोकाठ भरायचा, बूच लावून आडवा करायचा आणि रात्रभर आपोआप निवू द्यायचा. दुसऱ्या दिवशीच यीस्ट घालावं, कॅन दिवसेंदिवस तसाच ठेवू नये. पातळ प्लॅस्टिकचा डबा उकळत्या रसाला चालत नाही.

पाण्याचं वेगळं सांगायला हवं. मॅशचा सामू (पीएच) ५.२ ते ५.६ मध्ये असावा, आणि आपल्या विहिरींच्या जड पाण्यातले बायकार्बोनेट तो वर ढकलतात. डब्लिनचं पाणी असंच. तिथे काळी बिअर रुजली ती भाजलेल्या आंबट माल्टने सामू खाली आणल्यामुळे. पाणी आदल्या दिवशी उकळून, निवळून वरचं घेतलं तर बराच चुना खाली बसतो. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात मात्र उकळून उपयोग नाही, मीठ तसंच राहतं. तिथे आरओचं कॅन घ्यावं.

खरी परीक्षा उन्हाची. साध्या एल (ale) बिअरच्या यीस्टला १८-२० अंश लागतात. ३० च्या वर ते नखरंगासारखा उग्र वास आणि डोकं धरणारी जड अल्कोहोलं तयार करतं. नॉर्वेतल्या शेतकरी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या वाळवून जपलेलं क्वाइक यीस्ट ३५ अंशांनाही स्वच्छ काम करतं. उष्ण मुलखासाठी तेच घ्यावं. साधं यीस्ट असेल तर ११ ग्रॅमच्या पुडीतलं निम्मं पुरतं, आणि भांडं पाण्याच्या घमेल्यात ठेवून वर ओलं गोणपाट गुंडाळावं. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत हे कूलरसारखं काम करतं. श्रावणात हवाच ओली असते, तेव्हा गोणपाटाने काही होत नाही. माल्टच्या धुळीत आंबीलीला आंबवणारे तेच जिवाणू असतात, म्हणून भरडण्याची जागा आणि यीस्ट घालण्याची जागा वेगळी हवी.

सुरुवातीची घनता १.०४५ च्या आसपास, शेवटची १.०११, म्हणजे साडेचार टक्क्यांच्या आत-बाहेर अल्कोहोल. घनतामापी २० अंशांवर जुळवलेला असतो. ३५ अंशांना वाचन घेतलं तर त्यात साधारण ०.००४ मिळवावं, नाहीतर आंबणं संपलं असा गैरसमज होतो. तीन दिवसांच्या अंतराने दोन वाचनं सारखी आल्याशिवाय बाटली भरू नये. बाटलीत फेस धरायला लिटरमागे सहा ग्रॅम साखर पुरे. घाईत किंवा जास्त साखरेत भरलेली बाटली फुटते, आणि तिची काच डोळ्यात जाते.

राहिली ज्वारी. विदर्भात जव फारसा पिकत नाही, ज्वारी मात्र इथली. १९८८ मध्ये नायजेरियाने जवाच्या माल्टची आयात बंद केली आणि तिथल्या मोठ्या ब्रुअऱ्या ज्वारी-मक्यावर आल्या, त्यामुळे ज्वारीची बिअर ही कल्पनेतली गोष्ट नाही. पण अडचणी खऱ्या आहेत. ज्वारीच्या माल्टमध्ये बीटा-अमायलेज कमी असतं, आणि तिचा स्टार्च फुगायला ७० अंशांच्या पुढे जावं लागतं. विकरं मरायला लागतात तिथे स्टार्च उघडतो. म्हणून भरडा ५० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवून वरचं निवळ, विकरांनी भरलेलं पाणी काढून बाजूला ठेवतात. खालचा साका शिजवतात, ६५ अंशांपर्यंत निववतात आणि मग निवळ परत मिसळतात. निम्मं जवाचं माल्ट घातलं तर काम आणखी सोपं होतं.

जवाला मोड यायला १५-१८ अंश लागतात. इथे ते डिसेंबर-जानेवारीतच जमतं, एरवी बुरशी येते. ज्वारी २५-३० अंशांना खुशाल फुटते: एक रात्र भिजवायची, मधे दोनदा पाणी बदलायचं, ओल्या गोणपाटात तीन-चार दिवस. पावसात सापडून काळी पडलेली ज्वारी घेऊ नये. ती धड फुटत नाही आणि तिच्यातली बुरशी विषारी असू शकते. मोड आलेले दाणे वाळले की हाताने चोळून कोंब आणि मुळं पूर्ण काढून पाखडावीत. कोवळ्या ज्वारीने जनावराला विषबाधा होते, त्याला कारण असलेलं धुरिन हे द्रव्य या कोंबांतही असतं आणि त्यातून सायनाइड सुटतं. पाखडलेले कोंब गोठ्यात टाकू नयेत, मातीत गाडावेत.