लाल पोशाख दिन

बेपत्ता झालेल्या किंवा खून झालेल्या मूलनिवासी स्त्रिया आणि मुली यांच्या स्मरणार्थ कॅनडात दरवर्षी ५ मे रोजी पाळला जाणारा दिवस. अमेरिकेतही याच तारखेला जागृतीचे कार्यक्रम होतात. झाडांना, कठड्यांना, घरांच्या दारांना या दिवशी रिकामे लाल झगे टांगतात.

या प्रथेचे मूळ मेटी (मूलनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या) समाजातील कलावंत जेमी ब्लॅक यांच्या मांडणशिल्पात आहे. २०१० पासून त्यांनी लोकांकडून लाल झगे मागवून ते उघड्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वाटेत टांगले. मृतात्म्यांना फक्त लाल रंग दिसतो, अशी काही मूलनिवासींची श्रद्धा आहे. चळवळ मात्र त्याहून जुनी. व्हॅनकूव्हरच्या डाउनटाउन ईस्टसाइड भागात १९९२ पासून दर १४ फेब्रुवारीला स्त्रिया मोर्चा काढतात. ज्या ठिकाणी कुणी मृत सापडली किंवा शेवटची दिसली, तिथे थांबून गुलाब ठेवतात. खून झालेलीसाठी लाल, बेपत्ता असलेलीसाठी पिवळा.

पोलिसांच्या २०१४ च्या अहवालानुसार १९८० ते २०१२ या काळात १,०१७ मूलनिवासी स्त्रियांचे खून झाले आणि १६४ जणींचा पत्ता लागलेला नव्हता. देशातील स्त्रियांत त्यांचा वाटा सुमारे ४ टक्के, पण खून झालेल्या स्त्रियांत १६ टक्के. खरा आकडा याहून मोठा आहे, असे नातेवाईक सांगत आले. मुलगी घरातून पळाली असेल, येईल परत, असे धरून तक्रारी बाजूला पडत गेल्या, हे त्यांनी पुढे राष्ट्रीय चौकशी आयोगासमोरही मांडले. आयोगाने ३ जून २०१९ रोजी अंतिम अहवालात या हिंसेला वंशसंहार म्हटले आणि २३१ मागण्या केल्या. मुलांना आईबापांपासून तोडणाऱ्या निवासी शाळांपर्यंत त्याने कारणे शोधली.

जागृती होऊनही कृती किती रेंगाळते, हे कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील १६ क्रमांकाच्या महामार्गावर दिसते. प्रिन्स जॉर्ज ते प्रिन्स रूपर्ट हा ७०० किलोमीटरहून लांब रस्ता ‘अश्रूंचा महामार्ग’ म्हणून ओळखला जातो. वाटेवरच्या वस्त्यांतील अनेकींकडे गाडी नसते. दवाखान्याला किंवा बाजाराला जायचे तर अनोळखी वाहनाला हात दाखवायचा, आणि त्यातूनच कित्येक जणी नाहीशा झाल्या. या महामार्गावरील हिंसेबद्दल २००६ मध्ये भरलेल्या परिषदेने इथे बससेवा मागितली. गावांना जोडणाऱ्या सरकारी बसगाड्या धावू लागल्या २०१७ साली. इतक्या साध्या मागणीला ११ वर्षे लागली, ही अक्षम्य दिरंगाई आहे.