मॅक प्रो : नाराजीची मुळं

मॅक प्रो या ॲपलच्या व्यावसायिकांसाठीच्या डेस्कटॉपबद्दल कुणी कुरकुर केली, की उत्तर ठरलेलं असतं : मूठभर गिऱ्हाइकांसाठी कंपनीनं किती झिजायचं? हिशेब म्हणून ते चूक नाही. पण या मूठभरांचा राग मशीन उशिरा आलं एवढ्यापुरता कधीच नव्हता. पुढचं मशीन येणार की नाही हेच वर्षानुवर्षं कुणी सांगत नव्हतं, आणि आलं तेव्हा ते मागितलेलं नव्हतं.

मॅक प्रो आला ऑगस्ट २००६ मध्ये. त्याआधीच्या पॉवर मॅक जी५ नं बरीच निराशा केली होती. २००३ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी वर्षभरात ३ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर देऊ असं व्यासपीठावरून सांगितलं. तो आलाच नाही. जी५ तापायचा, इतका की २००४ च्या वरच्या मॉडेलला द्रव खेळवून गार ठेवावं लागलं. इंटेलच्या झिऑन चिपा आल्यावर ही रडकथा संपली. ॲल्युमिनियमचा जाळीदार टॉवर मात्र तोच राहिला. चीज किसायची किसणी, असं त्याचं टोपणनाव पडलं होतं.

हा टॉवर लोकांच्या मनात का बसला, ते तो उघडल्यावर कळायचं. मागचा खटका वर केला की बाजूचं दार हातात यायचं. आत चार हार्ड ड्राइव्ह, प्रत्येक आपापल्या ट्रेवर. ट्रे ओढला की ड्राइव्ह बाहेर, आत सरकवला की आपसूक जोडला गेला. वायरींचा गुंता नाही. खाली जादा कार्डं घालायचे चार पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट. २००९ पासून तर प्रोसेसर आणि मेमरी असलेला अख्खा भागच सरकवून बाहेर काढता येई. साउंड स्टुडिओवाले आपलं ऑडिओ कार्ड घालत, एडिटर व्हिडिओ कॅप्चर कार्ड, आणि ग्राफिक्स कार्ड मागं पडलं तर तेवढंच बदलत. २०१० चं मशीन योग्य ग्राफिक्स कार्ड घालून २०१८ च्या मोहावी या मॅकओएस आवृत्तीवर रीतसर चालत होतं. कंपनीच्या धंद्याला हे कितपत परवडलं, हा प्रश्न वेगळा.

घसरण २०१० नंतरची. त्या नोव्हेंबरात ॲपलनं एक्ससर्व्ह हा आपला सर्व्हर बंद करत असल्याचं जाहीर केलं. जून २०११ मध्ये ॲपलचं व्हिडिओ संपादनाचं सॉफ्टवेअर फायनल कट प्रो एक्स आलं, आणि त्यात आधीच्या आवृत्तीचे प्रोजेक्ट उघडतच नव्हते. मल्टिकॅम, म्हणजे अनेक कॅमेऱ्यांचं चित्रण एकत्र संपादायची सोयही सुरुवातीला नव्हती. अर्धवट चित्रपट हातात असलेल्या एडिटरला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. अनेकजण ॲडोबीच्या प्रीमियरकडे वळले, आणि प्रीमियर विंडोजवरही चालत असल्यानं मॅकला धरून राहायचं कारणच उरलं नाही.

अशात जून २०१२ मध्ये 'नवा' मॅक प्रो आला. नवा म्हणजे प्रोसेसर किंचित वेगवान, एवढंच. यूएसबी ३ नाही, थंडरबोल्ट ही वेगवान जोडणी नाही, आणि हे दोन्ही तोवर त्याच कंपनीच्या लॅपटॉपमध्ये आलेलं. ओरड इतकी झाली की कंपनीचे प्रमुख टिम कुक यांनी एका ग्राहकाच्या ईमेलला उत्तर देताना पुढच्या वर्षाअखेरीस काहीतरी झकास येतंय असं कळवलं. एवढ्या मोठ्या कंपनीचा पुढचा आराखडा एका खासगी ईमेलमधून कळावा, यातच सगळं आलं. मार्च २०१३ मध्ये युरोपीय संघात जुन्या टॉवरची विक्री थांबली, कारण पंख्यांवर संरक्षक जाळी हवी हा सुरक्षेचा नवा नियम. नियमाप्रमाणे मशीन सुधारायची तसदी कंपनीनं घेतली नाही.

मग जून २०१३. ॲपलमध्ये नवं करायची धमक उरली नाही म्हणणाऱ्यांना मार्केटिंगप्रमुख फिल शिलर यांनी व्यासपीठावरून शिवराळ टोला हाणला आणि पडद्यावर काळा, चकचकीत दंडगोल आला. उंची जेमतेम २५ सेंटिमीटर. मधोमध तिकोनी धातूचा गाभा, त्याच्या एका अंगाला प्रोसेसर, उरलेल्या दोन अंगांना दोन ग्राफिक्स कार्डं, आणि सगळ्यांची उष्णता वर ओढणारा एकच पंखा. (मला तो अजूनही देखणा वाटतो.) पण आत कार्ड घालायला एकही स्लॉट नव्हता. जादा ड्राइव्ह हवा, कॅप्चर कार्ड हवं, तर थंडरबोल्टची वायर लावून टेबलावर आणखी एक डबा ठेवा. कचऱ्याचा डबा हे त्याचं टोपणनाव लाडाचं नव्हतं.

डिसेंबर २०१३ मध्ये तो विक्रीला आला आणि पुढची तीन वर्षं त्यात काहीही बदललं नाही. प्रोसेसर नाही, किंमतही नाही. कारण त्या तिकोनी गाभ्यातच होतं. दोन मध्यम ग्राफिक्स कार्डं मिळून काम करतील, असं गृहीत धरून तो घडवला होता. प्रत्यक्षात सॉफ्टवेअर एकाच मोठ्या, भरपूर वीज खाणाऱ्या कार्डाच्या दिशेनं गेलं. तिन्ही बाजूंना साधारण सारखी उष्णता हवी असलेल्या रचनेत असं एक कार्ड बसणार कसं? शिवाय वीजपुरवठा ४५० वॉटचा. जुन्या टॉवरला ९८० होता.

एप्रिल २०१७ मध्ये ॲपलनं मोजक्या पत्रकारांना बोलावून हे कबूल केलं, आणि या कंपनीच्या बाबतीत ते खरोखर दुर्मीळ होतं. आपल्याच रचनेनं आपण उष्णतेच्या कोंडीत सापडलो, असं सॉफ्टवेअरप्रमुख क्रेग फेडरिघी म्हणाले. शिलर यांनी रखडल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि मॅक प्रोचा मॅकच्या विक्रीतला वाटा एक आकडी टक्क्यांत असल्याचंही सांगितलं. नवं मशीन येणार, पण यंदा नाही. तोवर डिसेंबरात ४,९९९ डॉलरचा आयमॅक प्रो आला. पडद्याला चिकटलेला, अर्थातच स्लॉटविना.

डिसेंबर २०१९ मध्ये टॉवर खरंच परतला. आठ स्लॉट, २८ कोअरपर्यंत प्रोसेसर, दीड टेराबाइटपर्यंत मेमरी. मागितलेलं सगळं होतं, फक्त किंमत ५,९९९ डॉलरपासून पुढं. २००६ चा पहिला २,४९९ ला मिळत होता. त्याच्यासोबत जाहीर झालेल्या पडद्याचं स्टँड वेगळं, ९९९ डॉलर, हे ऐकून सभागृहातच कुजबुज झाली होती. मोठ्या स्टुडिओंना हे पचलं. एकट्यानं घरून काम करणारा संगीतकार किंवा ॲनिमेटर, ज्यानं इतकी वर्षं सगळ्यात जास्त आरडाओरडा केला होता, तो मात्र बाहेरच राहिला.

आणि सहाच महिन्यांत, जून २०२० मध्ये, ॲपलनं इंटेल सोडून स्वतःच्या चिपांकडे जायचं जाहीर केलं. दोन वर्षांत पूर्ण करू म्हटलेल्या या बदलात मॅक प्रोचा नंबर सर्वांत शेवटी, तिसऱ्या वर्षी लागला. जून २०२३ च्या मॉडेलची पेटी तीच, पण मेमरीची कमाल मर्यादा दीड टेराबाइटवरून १९२ गिगाबाइटवर आली. स्लॉट सात, पण त्यांत ग्राफिक्स कार्ड चालत नाही. नव्या चिपांमध्ये प्रोसेसर, ग्राफिक्स आणि मेमरी एकाच ठिकाणी गुंफलेली असते. लॅपटॉपमध्ये त्यामुळे बॅटरी दिवसभर पुरते. टॉवरमध्ये बदलण्यासारखं फारसं उरत नाही. या मॉडेलमधलीच एम२ अल्ट्रा चिप ॲपलच्याच मॅक स्टुडिओ या छोट्या, स्लॉटविना डेस्कटॉपमध्ये ३,९९९ डॉलरपासून होती आणि मॅक प्रोत ६,९९९ पासून. म्हणजे वरचे तीन हजार मुख्यतः स्लॉटांचे.

मार्च २०२५ मध्ये मॅक स्टुडिओला एम३ अल्ट्रा चिप आणि ५१२ गिगाबाइटपर्यंत मेमरी मिळाली. दुपटीच्या जवळपास किमतीचा मॅक प्रो तेव्हाही एम२ अल्ट्रावरच ठेवला गेला.