विश्रांती आणि अपराधीपणा

जरा आडवे होऊन डोळे मिटावेत, तेवढ्यात कोणाची तरी चाहूल लागते आणि माणूस चटकन उठून बसतो. कोणी रागावलेले नसते, कोणाचे काही अडलेलेही नसते. तरीही जवळ असेल ते काम हातात घेऊन आपण रिकामे नव्हतो असे दाखवावेसे वाटते. स्वतःसाठी काढलेल्या वेळाबद्दल वाटणाऱ्या या अपराधीपणाला आपण स्वभावदोष मानतो, पण मानसशास्त्राने त्याचा उगम बराच स्पष्ट केला आहे.

रॉय बॉमायस्टर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 1994 मध्ये केलेल्या मांडणीनुसार, अपराधीपणा ही मुळात नाती टिकवण्यासाठी उपयोगी पडणारी भावना आहे. आपल्या हातून कोणी दुखावले गेले किंवा दिलेला शब्द मोडला, की मनाला बोचणी लागते आणि त्या बोचणीपायी आपण माफी मागतो, नुकसान भरून देतो. नाते जितके जवळचे, तितकी ही भावना तीव्र असते. याच मांडणीतला एक मुद्दा आपल्या विषयाला थेट भिडतो: अपराधी वाटण्यासाठी चूक घडावीच लागते असे नाही. दुसरा कष्टात असताना आपल्या वाट्याला थोडे सुख आले, एवढे कारणही पुरते. घरातले कोणी काम करत असताना आपण पुस्तक घेऊन बसलो की जे टोचते, ते हेच. म्हणजे भावना खरी असते. तिच्यावरून गुन्हा मात्र सिद्ध होत नाही.

या भावनेचे ऐकून विश्रांती टाळत राहिल्यास त्याची किंमत शरीर मोजते. ताण आला की ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके शरीराला सज्ज करतात. ताण सरल्यावर ही सज्जता उतरली, तर काहीच बिघडत नाही. ती उतरतच नाही तेव्हा होणाऱ्या साचत्या झिजेकडे ब्रूस मॅकइवेन आणि एलियट स्टेलर यांनी 1993 मध्ये लक्ष वेधले. ही झीज डोळ्यांना दिसेल असा एक प्रयोग जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांच्या गटाने 1995 मध्ये प्रसिद्ध केला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची शुश्रूषा करणाऱ्या 13 स्त्रिया आणि त्याच वयाच्या, पण अशी जबाबदारी नसलेल्या 13 स्त्रिया यांच्या त्वचेवर साडेतीन मिलिमीटरची एकसारखी छोटी जखम करण्यात आली. जखमेची छायाचित्रे घेतली जात आणि तिच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड घालून फेस येतो का ते पाहिले जाई. फेस यायचा थांबला की जखम भरली असे मानले जाई. शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांच्या जखमा भरायला सरासरी 48.7 दिवस लागले, तर इतरांच्या जखमा 39.3 दिवसांत भरल्या. जखम भरण्याच्या सुरुवातीच्या टप्प्यात पेशींना जे रासायनिक संदेश द्यावे लागतात, ते शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांच्या रक्तपेशींमध्ये कमी तयार होत असल्याचेही आढळले. प्रयोग लहान होता हे खरे, पण नुसते ‘थकलेय’ म्हणून जे हसण्यावारी नेले जाते, त्याचे माप इथे दिवसांत मिळाले.

मग विश्रांती घेतली की झाले? तेवढ्यानेही भागत नाही, आणि माझ्या मते या विषयातली सर्वांत दुर्लक्षित बाब हीच आहे. ताणाचे कारण समोर नसले तरी त्याचाच विचार मनात घोळत राहिला, तर हृदयाची गती, रक्तदाब आणि कॉर्टिसॉल चढेच राहू शकतात, असे योस ब्रॉसहॉट आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये मांडले. तासभर पडून राहून मनातल्या मनात उरलेल्या कामांची उजळणी करणारा माणूस काम करत नसतो आणि विश्रांतीही घेत नसतो. मोकळा वेळ म्हणजे वेळेची नासाडी, अशी ज्यांची धारणा असते त्यांना त्या वेळेचा आनंद कमी मिळतो, असे 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासमालिकेत दिसून आले.

‘अपराधी वाटून घेऊ नकोस’ असे स्वतःला बजावल्याने सहसा काही साधत नाही. त्यापेक्षा, या अर्ध्या तासाने नेमके कोणाचे नुकसान झाले आणि कोणता शब्द मोडला, हे स्वतःला विचारावे. उत्तर सापडले, तर ती चूक दुरुस्त करावी. भावनेने आपले काम चोख केलेले असते. सापडले नाही, तर बोचणी असूनही पडून राहायला हरकत नाही. उरलेल्या कामांचा घोर मात्र वेगळ्या उपायाने कमी होतो. अपुरे काम केव्हा आणि कसे करायचे हे नेमके ठरवून टाकले, की ते काम पूर्ण झालेले नसतानाही त्याचे विचार मध्ये मध्ये येणे थांबते, असे मॅसिकॅम्पो आणि बॉमायस्टर यांच्या 2011 मधील प्रयोगांत आढळले.

अपराधीपणा सोडला तर आपण आळशी होऊ, ही भीती अनेकांना असते. मायकेल वोल आणि सहकाऱ्यांचा 2010 मधील अभ्यास उलट सांगतो: पहिल्या परीक्षेआधी चालढकल केल्याबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केले, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी चालढकल कमी केली.

जिथे रुग्णाला सोडून क्षणभरही हलता येत नाही, तिथे प्रश्न मनाचा कमी आणि माणसांचा अधिक असतो. तिथे पहिली गरज असते ती काही तास जबाबदारी घेणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीची, आणि अपराधीपणा सर्वाधिक आडवा येतो तो नेमका मदत मागताना. ‘जमलं तर बघ’ अशा मोघम विनंतीला होकार मिळूनही बहुधा पुढे काही होत नाही. कोणता दिवस, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत आणि त्या वेळात नेमके काय करायचे, हे सांगितले तर समोरच्यालाही होकार किंवा नकार देणे सोपे जाते.